थंड खोलीतील हुमणीच्या अळ्या मेल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
नर्मदांचल कीटक अभ्यास केंद्र,
रिछाई, जबलपूर

विषय : दुर्गंधीच्या नोटिशीचा खुलासा व अहवाल मागे घेण्याबाबत
संदर्भ : आपल्या कार्यालयाची मला मिळालेली नोटीस

महोदय,

प्रयोगशाळेत दुर्गंधी होती, हे मला मान्य आहे. हिंदीत दिलेला माझा खुलासा उपसंचालक डॉ. योगेंद्र देवपुजारी यांनी आपल्यापर्यंत येऊ दिला नाही. आपण मराठी आहात, म्हणून घरच्या भाषेत थेट लिहीत आहे.

मी हुमणीवर, म्हणजे शेणखतातल्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर, काम करते. अळीच्या छातीत एक बारीक ग्रंथी असते. तिच्या स्रावावाचून अळीला कात टाकता येत नाही. उष्णतेने ती ग्रंथी कशी बिघडते हे पाहण्यासाठी निम्म्या अळ्या तापवलेल्या पेटीत आणि निम्म्या तुलनेसाठी थंड खोलीत ठेवल्या होत्या.

मे महिन्यात मी मामेबहिणीच्या लग्नाला अमरावतीस गेले असता देवपुजारी सरांनी थंड खोलीतला एसी काढून स्वतःच्या केबिनमध्ये बसवला. मी परतले तेव्हा पत्र्याखालची ती खोली भट्टी झाली होती. अळ्या अर्धवट कातीत अडकून मेल्या होत्या, काळ्या पडून फुटल्या होत्या. त्यांचे पाणी टेबलावरून खाली ठिबकत होते. सफाईच्या पुष्पाताईंना दारातच उलटी झाली. "दीदी, मला नाही होत हे," त्या म्हणाल्या. त्यांना घरी पाठवून मी सगळे हाताने उपसले. पुढे कितीतरी दिवस माझ्या घशाखाली भात उतरला नाही.

खरी किळस मात्र नंतर आली. नाकाला रुमाल लावून सर म्हणाले, "अच्छा, मग थंडवाल्यांचे फोटो मागच्या वर्षीचे टाक ना. काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली? मेलेली इल्ली थोडीच बोलणार आहे!"

मागच्या वर्षीच्या अळ्या वेगळ्या जातीच्या होत्या. मी नकार दिला. तरीही त्या फोटोंसह या प्रयोगाचा अहवाल कीटकशास्त्राच्या परिषदेला गेला, आणि त्यावर पहिले नाव माझे आहे. मला न विचारता.

अहवाल मागे घेतला तर माझी पीएच.डी. लांबेल. खमरियाच्या आयुध कारखान्याच्या क्वार्टरमध्ये अण्णांना, माझ्या वडिलांना, हे सांगितले. ते म्हणाले, "लांबू दे."

त्यानुसार आज सकाळी मी परिषदेच्या आयोजकांना फोटो खोटे असल्याचे कळवून अहवाल मागे घेतला आहे. हा अर्ज परवानगीसाठी नाही, आपल्या माहितीसाठी आहे.

आपल्या केंद्रातील संशोधक,
(सही)
समिधा अंबादास खोडे
दि. ९ जून २०२५