उलट्या पिळाची स्कूटर

९ जून

प्रिय वन्सं,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुमचे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं तेल चोळता का, की बाटली नुसती खिडकीत शोभेला ठेवलीय?

फोन का केला नाही म्हणून रागावू नका. फोन करायचा तर तुमचे दादा समोर बसलेले असतात, आणि मला बोलायचंय ते त्यांच्याविषयीच. शिवाय फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही स्वतःच्या मनाचं ऐकता. कागदावर तेवढी सोय नाही.

मला एकच हवंय, ते आधीच सांगून टाकते. दादांनी काही दिवस गॅरेज बंद ठेवावं आणि माझ्याबरोबर डॉक्टरकडे यावं. दमलेत हो फार. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. तुम्ही दोन ओळी खरमरीत लिहा त्यांना.

सगळ्याला कारण झाली एक स्कूटर. आमच्या गल्लीच्या टोकाला तो भंगारवाला आहे ना, त्याने ती आणून गॅरेजात टाकली. कुठलंसं जुनं घर पाडत होते, त्याच्या मागच्या शेडमध्ये सापडली म्हणे. "मास्तर, कुठल्या कंपनीची आहे एवढं सांगा, म्हणजे मला गिऱ्हाईक गाठता येईल," म्हणाला. मला वाटलं, हा काय यांच्या डाव्या हातचा मळ! नुसती किक मारल्याचा आवाज ऐकून गाडी कुठल्या सालची ते सांगणारा माणूस. चहा होईपर्यंत सांगून मोकळे होतील.

कसलं काय! तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पुढची नावाची पट्टी कुणीतरी काढलेली, तिथे नुसती दोन भोकं. इंजिनावरचा नंबर कानशीने घासून टाकलेला. अंगावर रंगाचे इतके थर की खरवडेल तसा नवा रंग निघतो. मडगार्ड पाहिलं की वाटतं ही अमुक, दिवा पाहिला की वाटतं छे, तमुक. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणतात, "चाकं मात्र त्या कंपनीची नाहीत हं." मी भाजी वाढू की चाकं?

बरं, इंजिन खोललं तर त्याहून कठीण. बाहेरून बघाल तर साधं एका सिलिंडरचं. डोकं एक, प्लग एक. आणि आत शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन पिस्टन! दोघं मिळून एकाच ठिणगीवर चालणारे. दादा लहान मुलासारखे ओरडले, "अगं, इकडे ये! जन्मात पाहिलं नाही असं!" मी कणकेच्या हाताने धावत गेले. मला काय कळणार त्यातलं? पण त्यांचा चेहरा बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग एक जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ आले. जाड भिंगांचा चष्मा लावतात, म्हणून आम्ही त्यांना भिंगवाले म्हणतो. त्यांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, फोटो काढले आणि म्हणाले, "मास्तर, ही एक गाडी नाहीच. सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचं. कुणीतरी जोडून घेतलीय." झालं! दादांचा पारा चढला. "असं कोण करेल? आणि केलं तर इतकं बेमालूम बसेल का? ही अशीच आलेली आहे कारखान्यातून!" शब्दाने शब्द वाढला. भिंगवाले चहा अर्धा टाकून गेले.

आता गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर उन्हात उभ्या आणि हे आत त्या बयेसमोर स्टूल टाकून बसलेले. कुणी विचारलं तर "उद्या". परवा एका बाईंच्या मागे मला रस्त्यावर धावावं लागलं, ते जाऊ दे. तेवढं पत्र लिहा. मी सांगितलंय असं कळू देऊ नका.

तुमची,
वहिनी


२३ जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडले. दोन्ही लिहिते, कारण दोन्ही झालं.

तुम्ही लिहिलंत, "दादा पहिल्यापासून असाच नादिष्ट आहे, वहिनी, तुम्हीच उगाच राईचा पर्वत करता." बरं. पुढे गंमत म्हणून लिहिलंत की लग्नाआधी दादांकडे अशीच एक विजोड गाडी होती. सांगाडा एकीचा आणि इंजिन भलत्याच मोटरसायकलचं, आणि त्यात एकाच प्लगवर दोन पिस्टन. घरात सगळे तिला 'सावत्र' म्हणायचे. तुम्ही तिच्यावर मागे बसून कॉलेजात जायचात, मैत्रिणी हसायच्या, आणि माझं स्थळ यायच्या आधी दादांनी ती कुणाला तरी देऊन टाकली. म्हणून मी ती कधी पाहिली नाही.

वन्सं, तुम्हाला लिहिताना काहीच वाटलं नाही का हो?

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट ऐका. इंजिनाच्या खालच्या अंगाला बोल्ट आहेत. ते सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून बारीक तार ओवून तिला पीळ दिलेला असतो. दादा खाली वाकून बघत होते आणि एकदम खवळले. "कुठल्या डावऱ्या गाढवाचं काम आहे हे? तार सगळी उलटी पिळलीय!" असं म्हणत त्यांनी पक्कड उचलली आणि ती तार सोडवायला लागले. डाव्या हाताने.

मी दारात उभी होते. वर भिंतीवर त्यांनी स्वतः पिळून ठेवलेल्या तारांची वेटोळी टांगलेली असतात. सगळी तशीच, उलटी. इतकी वर्षं मी त्यांच्यावर ओली फडकी वाळत घातलीत, मला नको का कळायला? मला कळलं. त्यांना कळलं नाही. वाटलं, असेल दुसरा कुणी डावरा, जगात काय हे एकटेच आहेत? अशी स्वतःची समजूत घालून मी आत गेले. आणि दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं.

मग मी काय केलं असेल? गेले तशीच पत्र पदराखाली धरून, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तुमची ती 'सावत्र' कशी होती?"

काय खुलले म्हणून सांगू! स्टूल माझ्याकडे सरकवलं. इंजिन कुठून मिळवलं, ते सांगाड्यात बसेना म्हणून पट्ट्या कशा कापल्या, कागदपत्रांचा घोळ नको म्हणून नंबर कसा घासला, सगळं सांगितलं. तुम्ही एकदा वळणावर पडलात आणि आईंना 'जिन्यावरून पडले' असं सांगितलंत, तेही सांगितलं. दोन पिस्टन कसे बरोबर वरखाली होतात ते दोन्ही मुठी हलवून दाखवलं. एका शब्दाला अडखळले नाहीत. मला वाटलं, आता म्हणतील, आता कपाळावर हात मारून म्हणतील, "अगं, ही तीच की!"

गोष्ट संपली. हसले. मग समोरच्या गाडीकडे वळले, फडक्याने तिचा दिवा पुसला आणि म्हणाले, "पण ही कुठली असेल गं?"

मी सांगून टाकलं. लपवू कशाला? तुमचं पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं. म्हणाले, "ती लहान होती तेव्हा, तिला काय आठवतंय! आमची सावत्र लाल होती." त्यांनीच खरवडलेल्या जागी, मडगार्डच्या कडेला, बोटभर लाल रंग दिसत होता, वन्सं. त्यावर त्यांचाच अंगठा टेकलेला.

आता त्या रस्त्यावर धावण्याचं. शाळेतल्या एक बाई स्कूटर ब्रेकच्या कामाला टाकून गेल्या होत्या. दादांनी काम केलं, गाडी पुसून दिली, बाई निघाल्या. मी टेबल आवरायला गेले तर मागच्या ब्रेकची सळई तिथेच पडलेली. मी अनवाणी ओरडत धावले. चौकाच्या अलीकडे उतार आहे ना, तिथे पोचायच्या आत त्यांनी मला आरशात पाहिलं म्हणून बरं. दादांना सांगितलं तर म्हणाले, "मी केव्हा ब्रेकचं काम घेतलं?" मी हे पहिल्या पत्रात लिहिलं नाही. 'दमलेत' असं लिहिलं. दमलेत! मला दुसरा शब्द लिहवेना.

तुम्हाला पहिलं पत्र टाकल्यापासून मी शटर वर जाऊ देत नाही. मागच्या दाराने आत जाऊन त्या एकाच गाडीपाशी बसतात. गिऱ्हाइकांना मी खोटं सांगते, आणि रोज आमचं भांडण. "माझ्या पोटावर पाय आणतेस!" असं म्हणतात. खरंच आहे त्यांचं. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, "मला काय झालंय? तूच दाखवून घे, तू हल्ली फार चिडतेस." चिडते मी! चिडू नको तर काय करू? कुणावर चिडू तेही कुणी सांगत नाही.

आणि हे सगळं मी स्कूटरचं म्हणून लिहीत बसलेय. ती कुठली होती ते कळलं, भंगारवाल्यालाही सांगून झालं. लिहायचं होतं ते वेगळंच. काल भिंगवाले पुन्हा आले होते, झालं गेलं विसरून. दादांनी त्यांना बसवलं. मी चहा घेऊन गेले. भिंगवाले उठून नमस्कार करत म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळी चहा टाकून गेलो, माफ करा." दादांनी माझ्याकडे पाहिलं. आणि अगदी अदबीने त्यांना म्हणाले, "वहिनी नव्हेत या. या बाई येतात घरी. चांगल्या आहेत स्वभावाने."

भिंगवाले हसले. त्यांना वाटलं, नवराबायकोची थट्टा. मीही हसले, वन्सं. कप खाली ठेवले आणि हसले.

थोड्या वेळाने आतून "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" अशी हाक आली, नेहमीसारखी वसकन. इतकी गोड हाक मला लग्न झाल्यापासून कधी लागली नव्हती.

पत्र वगैरे काही लिहू नका आता. स्वतः या. गुडघे दुखत असले तर दुखू देत, जिना मी धरून चढवीन. तुमचं नाव घेतलं की अजून त्यांना सगळं कळतं. तुम्ही हाताला धरून म्हणालात "दादा, चल", तर ते डॉक्टरकडे येतील. माझ्याबरोबर येणार नाहीत. अनोळखी बाईबरोबर कोण जाईल?

अजून तरी तुमची,
वहिनी