अनुमान आहे

अण्णा,

शब्दांची खोड तुम्हीच लावलीत मला, तेव्हा आता ऐकून घ्या. कानडी मुलखातलं, जयनगरचं आपलं घर तेव्हा नवं होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा. आई स्वयंपाकघरात कॉफीच्या बिया भाजतेय आणि तुम्ही शाळेतून आल्या आल्या, कोटही न काढता, मला इंग्रजी शब्द सोलून दाखवताय. लॅटिनमध्ये ‘पाहणे’ असा एक धातू आहे आणि ही सगळी त्याची पोरंबाळं. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणं, रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा पाहणं, एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर नजर लावून वाट पाहणं. आणि सस्पेक्ट म्हणजे खालून वर पाहणं. मान खाली, डोळे वर, असं करूनही दाखवलंत; आई हसली होती. मग बजावलंत, की हा शब्द जपून वापरायचा. ‘आय सस्पेक्ट’ म्हणणाऱ्या माणसाला कधी संशय असतो, तर कधी त्याला नुसतं ‘मला वाटतं’ एवढंच म्हणायचं असतं. मी विचारलं, मग आपला ‘पाहुणा’ही पाहण्यातूनच आला असेल ना? नाही म्हणालात. दिसायला सारखे म्हणून सख्खे समजायचे नाहीत.

पाहुणे आले ते मला बघायला. साठ सालानंतरची गोष्ट. कॅन्टोन्मेंटातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला वर्ष होत आलं होतं, आणि ती शाळा म्हणजे माझा जीव होता. पुण्याहून मुलगा आणि त्याची आई आली. त्यांनी उप्पीट खाल्लं, कॉफी मात्र अर्धीच प्यायले. मी कानडी सवयीनं “स्वल्प घ्या ना अजून” म्हटलं तर त्या बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी तुम्हाला सरळच विचारलं, लग्नानंतर मुलगी नोकरी सोडेल ना? मी ट्रे घेऊन दारातच थांबले. तुम्ही कपबशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “अनुमान आहे.”

आता आपल्या घरात अनुमान म्हणजे संशय, कानडीतल्यासारखा. दूधवाला आज येईल का, असं विचारलं की आई म्हणायची, अनुमान आहे, म्हणजे बहुतेक नाहीच. म्हणून मी ऐकलं ते असं, की ती नोकरी सोडेल याची शंकाच आहे. मनात म्हटलं, वा अण्णा, पोरीची बाजू घेतलीत! त्या बाईंच्या मराठीत मात्र अनुमान म्हणजे अंदाज. त्यांनी ऐकलं, की सोडेल असं वाटतंय. त्याही खूश, मीही खूश, आणि लग्न ठरलं. पुण्याला गेल्यावर महिन्याभरात मी एका शाळेची जाहिरात सासूबाईंपुढे ठेवली, तेव्हा त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, तुझ्या वडिलांनीच तर सांगितलं होतं सोडशील म्हणून. नोकरी गेली ती गेलीच. जन्मभर जेवणाच्या टेबलाशी शेजारच्या पोरांची स्पेलिंगं सुधारत बसले.

चुकून बोलून गेले असतील, असं नवरा म्हणायचा. मला नाही पटत. तुम्ही बाजारात वांगी निवडावीत तसे शब्द निवडणारे. बाहेरगावचं कुणी आलं की तुमच्या तोंडी पुस्तकी मराठी, कानडीचा एक शब्द सापडायचा नाही. मग त्याच दिवशी तेवढा एकच शब्द कसा घसरला? की तो पुस्तकातलाच होता, आणि तुम्ही मला सरळ देऊन टाकलंत? का दोन्हीकडे खपेल असा मुद्दाम शोधून काढलात, म्हणजे लग्नही जमेल आणि पोरगीही कुरकुरणार नाही? एका शब्दाच्या पोटात दोन अर्थ कसे राहतात हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. म्हणून माझा सगळा संशय या शेवटच्यावर आहे, आणि तो आला की आजही तुमचा राग येतो, अण्णा, खरंच येतो.

लग्नानंतर पुष्कळ वर्षं होतात तुम्ही. दर मे महिन्यात मी माहेरी यायची. एका दुपारी आई झोपली होती आणि तुम्ही आपण होऊन विचारलंत, “शाळेची आठवण येते का गं?” मी म्हटलं, सरी, ठीक चाललंय. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मी अजून काही बोलेन म्हणून. मी कपबशा उचलून आत गेले.

तुम्ही थकला होतात म्हणून त्या शब्दाचं विचारलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खरं ते सांगून टाकलं असतंत, आणि मग तुम्ही मला एक तर पूर्ण मिळाला असतात, नाहीतर मुळीच नाही. संशय होता तोवर निदान अर्धे तरी माझ्या बाजूचे होतात. त्या अर्ध्यावर मी संसार केला. तुम्ही आज असतात तरी हे पत्र मी टपालाच्या पेटीत टाकलं नसतं, कारण तुम्ही उत्तर पाठवलं असतंत.