आखाजीनंतरचं बोलावणं

७ जानेवारी १९८३, शुक्रवार
सुट्ट्यांची बैठक. दरवर्षीचं भांडण. पगारी सुट्ट्या मोजक्या, त्यातल्या काही सरकारने आधीच ठरवून टाकलेल्या, उरलेल्यांसाठी अख्खा जिल्हा एका टेबलाभोवती. पंचवटीची पोरं रंगपंचमीसाठी अडून बसली, त्यांना रहाडीत, रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारायच्या असतात. बागलाणकडच्यांना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हवी. मेनन साहेब, आमचे मॅनेजर, मूळ केरळचे, मुंबईमार्गे सातपूरला आलेले. त्यांनी ओणमचं नाव काढलं नाही, हा मोठेपणा. मतं घेतली, रंगपंचमी जिंकली.

चौदा एप्रिल आधीच मिळालेली आहे. तेव्हाही मी बैठकीत गप्प होतो. कल्याण अधिकाऱ्याने कुणाच्याच बाजूचं दिसू नये, असं मला वाटतं. घरच्यांना ते अजून पटलेलं नाही.

साप्ताहिक सुट्टी शनिवारी. ती वीज मंडळ ठरवतं, तिच्यावर मतदान नसतं.

बाळू खैरनार, युनियनचा, नामपूरकडचा. जाता जाता म्हणाला, सुट्टी द्या नायतर देऊ नका, आमची माणसं आखाजीला जाणारच. मी टिपून घेतलं.

४ एप्रिल, सोमवार
वाइंडिंग खात्यातल्या काही पोरांना अखेर कायम केलं. आजवर साहेब वर्ष भरायच्या आत 'ब्रेक' द्यायचे. महिनाभर घरी बसवायचं, मग निरोप धाडून नव्याने घ्यायचं. म्हणजे कायम करायला नको. कामगार खात्याचा एक अधिकारी येऊन कागद चाळून गेला आणि साहेबांना अचानक न्याय सुचला.

हिरामण सोनवणे पेढे घेऊन आला. हाही बागलाणचा, मोसम नदीकाठचा. मोटरीची कॉइल भरतो. हात चांगला, बोलणं कमी. विचारत होता, आता किती सालाचं? म्हटलं, सालाचं नाही रे, म्हातारा होईपर्यंत. हसला. मी थट्टा करतोय असं वाटलं असावं. तेवढ्यात फोन आला, नीट समजावायचं राहिलं.

१४ एप्रिल, गुरुवार
मिरवणूक. ऊन कडक. बाबा यंदाही शेवटपर्यंत चालले, मी मध्येच रसवंतीत बसलो. परत येताना बाबांनी विचारलं, तुझ्या कंपनीत आज सगळ्यांना सुट्टी? सगळ्यांना, म्हटलं. बामणांनासुद्धा? हो. बराच वेळ खुशीत होते.

१२ मे, गुरुवार
आखाजीच्या रजेचे अर्ज. बागलाण, मालेगाव, कळवण, सगळे. मे. सा. (मेनन साहेब) वैतागले. ऑर्डरी पडून आहेत, आणि तुमचे लोक झोके खेळायला निघाले, असं म्हणाले. झोके बायका खेळतात, पुरुष पत्ते खेळतात, हे मी सांगितलं नाही.

सरकारने सवलती दिल्या म्हणून कारखाना मुंबईतून इथे आला. जमीन स्वस्त, कर माफ, अट एकच: माणसं इथली घ्या. माणसांबरोबर त्यांच्या आखाज्या येतात, हे त्या योजनेत कुणी लिहिलं नव्हतं.

हिरामणची (हि.) रजा १९ पर्यंत मंजूर.

१५ मे, रविवार
आखाजी. वाइंडिंग खातं निम्मं रिकामं. सुपरवायझर स्वतः कॉइल भरत बसलेला, तोंड एवढंसं.

२० मे, शुक्रवार
सगळे परत आले. अंगाला अजून आमरसाचा वास. हि. नाही.

२३ मे, सोमवार
हि. नाही. आजारी असावा. नियम असा की रजा संपल्यावर कामाच्या आठ दिवसांत माणूस आला नाही, तर नोकरीवरचा हक्क गेला. मधले शनिवार सुट्टीचे, ते मोजायचे नाहीत. तेव्हा आठव्या दिवशी, रविवारी २९ ला, पहिल्या पाळीला तो गेटवर दिसला पाहिजे.

२४ मे, मंगळवार
खैरनारला बोलावून विचारलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, हि. ठणठणीत आहे, घरी बसलाय.

"बोलावण्याची वाट बघतोय, साहेब. त्याचा बाप जाऊ देत नाय."

कसलं बोलावणं? त्याने समजावलं ते असं. त्यांच्याकडे शेतावरच्या सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. आखाजीला साल फिटलं की गडी मोकळा. मग ज्या मालकाला तो हवा, त्याने त्याच्या दारी यायचं, बसायचं, नव्या सालाचं बोलायचं. धान्य किती, कपडा कोणता, जोडा केव्हा. गडी आपणहून मालकाच्या दारात गेला की त्याची किंमत गेली. हि. चा बाप झिपरू आबा जन्मभर सालदार होता. त्याच्या मते कंपनीचं साल आखाजीला संपलं. आता कंपनीने यावं.

मी हसलो. खैरनार हसला नाही.

२५ मे, बुधवार
मे. सा. ना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हिंदीत म्हणाले की मी आता धोतरजोडी घेऊन जाऊ का त्याच्या गावाला? आला तर ठीक, नाही आला तर नियम आहे. शिवाय (हे खिडकीकडे बघत) नाव कमी झालं तर पुढच्या महिन्यात टेंपररी म्हणून घेता येईलच. कामगार चांगला आहे.

नियम आणि साहेबांची सोय एका रांगेत उभी राहिली की बोलायला जागा उरत नाही. मी 'बरं' म्हणून बाहेर आलो. स्वतःचा राग आला.

२६ मे, गुरुवार
बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी विहारात. घरी खीर.

बाबांना गंमत म्हणून हि. ची गोष्ट सांगितली. त्यांना गंमत वाटली नाही. त्यांच्या लहानपणी निफाडकडच्या आमच्या गावात पाटलाच्या वाड्यावरून बोलावणं आलं की आजोबा भाकरीवरून उठायचे. लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं, टपाल घेऊन पुढच्या गावी पळायचं, मोबदला मिळेल न मिळेल. बोलावणं या शब्दाने घरातली बाई रडायची. म्हणून तर गाव सोडलं, म्हणाले. आणि हा माणूस बोलावण्यासाठी रुसून बसलाय.

मलाही चीड आली. कायद्याने हक्क दिलाय, तो घ्यायला आपल्या पायांनी यावं. कुणी हात धरून आणायला आपण काय कुणाची गुरं आहोत? मी जाणार नाही.

२७ मे, शुक्रवार
दुपारी डबा खाताना एक गोष्ट लक्षात आली. गेल्या वर्षी हि. ला ब्रेक दिला तो आखाजीच्या तोंडावर. आणि ब्रेक संपल्यावर खैरनारच्या हाती निरोप धाडला, 'कामावर ये', तो कंपनीनेच. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. वर्ष संपवायचं, घरी बसवायचं, गरज लागली की बोलवायचं. सालदारी याहून वेगळी कशी असते, ते मला कुणी सांगावं.

म्हातारा अडाणी नाही. त्याने आमच्याकडे बघूनच हिशेब मांडलाय. यंदा आम्ही रीत बदलली, आणि त्याच्या दारी जाऊन ते कुणी सांगितलं नाही.

खैरनारला म्हटलं, तू जा. तो म्हणाला, मी गावचाच, माझं बोलावणं धरणार नाहीत.

उद्या शनिवार, माझी सुट्टी. सुट्टीत मी कुठेही जाऊ शकतो.

२८ मे, शनिवार
पहाटेची सटाणा गाडी, तिथून दुसरी. धूळ. गाव लहान, नदी कोरडी, डाळिंबाच्या नव्या बागा. घर विचारत गेलो तर वाटेतले तिघेचौघे मागे आले. कंपनीचा साहेब आला, ही बातमी माझ्या आधी पोचली.

झिपरू आबा दाराशी बसलेला. काटक, डोक्याला पांढरा रुमाल. त्याने नाव विचारलं. गांगुर्डे, म्हटलं. कुठले गांगुर्डे? निफाडकडचे. त्याला जात कळली. मी उभाच होतो. या क्षणी परत फिरावं असं तीव्रपणे वाटलं, हे लिहून ठेवतो. मग आबाने आत बघून काही सांगितलं. हि. ची आई गोधडी घेऊन आली, खाटेवर टाकली. आबा म्हणाला, बठा. पाणी आलं, चहा आला, घरातल्याच कपबशीत.

मग सरळ मुद्दा, मी कुणाच्या वतीने आलो.

"तुम्ले कंपनीनी धाडं, का तुम्हीनच उनात?"

मी तयारी करून गेलो होतो. समजावून सांगायला लागलो की कंपनी कुणाला बोलावत नसते, हिरामण कायम झालाय, त्याचं साल संपतच नाही, तो कुणाचा गडी नाही, तो हक्काने येतो. आबा मान हलवत ऐकत होता.

"मंग मांगला सालले कसं बलायं व्हतं?"

गेल्या वर्षीचं बोलावणं तर कंपनीचंच होतं. हि. भिंतीला टेकून खाली बघत होता. बाहेर माणसं जमलेली. उद्या सकाळची पाळी. मी म्हणालो, हो, कंपनीनेच धाडलं. न्यायला आलोय.

आबाचा चेहरा बदलला नाही, पण त्याने बैठक बदलली, मांडी घालून नीट बसला. बोलणं सुरू झालं. धान्य? धान्य नाही, पगार. तो त्याला माहीत होता. कपडा? वर्षाला दोन जोड गणवेश. जोडा? सेफ्टी बूट, दरवर्षी नवा. बाहेरच्यांकडे बघून म्हणाला,

"कपडा शे, जोडा शे. मंग साल कसं नही?"

सगळे हसले. मीही. सगळ्यांदेखत हि. ने माझ्या हातावर साल ठरल्याची सुपारी ठेवली. मी ती खिशात टाकली. कंपनीच्या वतीने मी आज एक खोटं बोललो आणि एक करार केला, दोन्हींचा अधिकार मला नाही.

परतीच्या गाडीत हि. शेजारी. सटाणा सुटल्यावर खिडकीबाहेर बघत बोलला.

"मला ठाऊक व्हतं, साहेब. कायम म्हंजे काय ते. मी निघालोही व्हतो वीस तारखेला."

मग का नाही आलास, विचारलं. त्याने तुटक तुटक सांगितलं. आबाचा मालक. त्याने बँकेच्या कर्जावर ट्रॅक्टर घेतला, त्या सालची आखाजी झाली आणि आबाकडे कुणी आलं नाही. आबा नवं धोतर नेसून दाराशी बसून राहिला, पाऊस पडून पेरण्या लागेपर्यंत. कुणाला काही बोलला नाही. मालकाच्या बांधावरून जायचं मात्र सोडलं. यंदा हि. पिशवी घेऊन निघाला तेव्हा आबाने हात धरला. म्हणाला, तुझ्यासाठी तरी कोणी येऊ दे.

"नोकरी गेली असती," मी म्हटलं.

"गेली असती," तो म्हणाला.

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. पुढे चांदवडला गाडी थांबली, भजी खाल्ली.

२९ मे, रविवार
हि. पहिल्या पाळीला हजर. मे. सा. नी दुपारी बोलावलं. त्यांना सगळं कळलेलं. ओरडले नाहीत. म्हणाले, त्यांच्या गावी वडिलांच्या शेतावरही असाच रिवाज होता, वडिलांनीच तो बंद केला, कारण एकाच्या दारी गेलं की सगळ्यांच्या दारी जावं लागतं. पुढच्या वर्षी कुणी जायचं नाही. उद्यापर्यंत शब्द द्या. मी म्हटलं, बघू. 'बघू' हा शब्द त्यांना मराठीत चांगला कळतो.

बाहेर खैरनार उभा. कँटीनमध्ये बोलणं चाललंय म्हणे, हि. च्या घरी गेले, आमच्या का नाही? थट्टेत बोलत होता की खरंच, ते कळलं नाही. गेलोच तर बागलाण केवढं, माणसं किती. आणि नाही गेलो तर आबाला काल काय सांगून आलो?

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, काल दिवसभर कुठे होतास. टाळणार होतो, पण सांगितलं. बोलवायला गेलो होतो, म्हटलं. एका सालदाराच्या पोराला.

बाबांचा हात ताटात थांबला. मला वाटलं, आता बोलतील. आजोबांचं काढतील.

"खाली बसवलं का तुला?"

नाही, खाटेवर. गोधडी टाकून.

"चहा?"

घरातल्या कपात.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, सावकाश खाल्ला.

"मग दरवर्षी जात जा," म्हणाले.

उद्या साहेबांना शब्द द्यायचा आहे.