आबांच्या तोंडचं पाणी

॥ श्री ॥
पाचोरा, १२ जानेवारी १९३७

तीर्थस्वरूप अभिमनभाऊस धुरपदाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

सोमवारी आबांना परत घेरी आली. अंगणात वेचलेल्या कापसाची बोचकी बांधत होते, बोलता बोलता कोसळले. नाडी लागेना. शेजारच्या भिकुबाई काकूंनी त्यांना सारवलेल्या भुईवर घेतलं आणि काशीचं गंगाजळ तोंडात घातलं. जाणाऱ्या माणसाला ते मिळालंच पाहिजे, त्यांचं काय चुकलं? तेवढ्यात आबा ठसकले आणि कोण रडतंय म्हणून रागावले. पाणी श्वासात गेलं असावं. तेव्हापासून ताप आणि खोकला आहे.

ही तिसरी खेप. तुम्ही आबांना मुंबईला नेऊन यंत्रावर त्यांच्या हृदयाचा आलेख काढलात, आता धुळ्याला मोठे डॉक्टर होऊन बसलात, पण बहिणीला काही समजावून सांगायला तुम्हाला सवड नाही. भाऊ, मी फार थकले. सासरहून निरोपावर निरोप येतात, आणि मी इथे आबांचा श्वास ऐकत बसते.

माया आहेच, ती आटू देऊ नये.
धुरपदा

॥ श्री ॥
धुळे, १६ जानेवारी १९३७

चि. धुरपदास अनेक आशीर्वाद.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. मीही थकलो आहे, रोग्यांपुढे हल्ली बसवत नाही.

हृदय कुणाच्या हुकमाने चालत नाही. त्याच्या वरच्या भागात एक बारीक जागा आहे. तिथून विजेचा क्षीण झटका उठतो, ठरलेल्या वाटेने खाली जातो आणि खालचे कप्पे आकसतात. आबांची ही वाट मधेच तुटली आहे. हाकणाऱ्याचा आवाज पोचला नाही तर मोटेचे बैल थबकतात, मग सवयीने आपल्याच संथ चालीने निघतात. खालचे कप्पे तसेच आहेत. ते थबकलेले असतात तेवढा वेळ म्हणजे आबांची घेरी.

म्हणून त्या वेळी तोंडात थेंबभरही पाणी घालू नको. कुशीवर वळव आणि वाट पाहा. गोळ्या पाठवतो, पण तुटलेली वाट जोडणारं औषध जगात कुणाजवळ नाही. एखाद्या वेळी ते कप्पे निघणारच नाहीत. हे तुला लिहिणं मीच टाळत होतो.

स्वतः वेळेवर जेवत जा, एवढं माझं ऐक.
तुझा भाऊ अभिमन

पाचोरा, ९ फेब्रुवारी १९३७

भाऊ,

वर श्री नाही, त्यावरून समजला असाल. आपला गडी झुलाल याच्या हाती हे देते आहे, त्याच्याबरोबरच निघा.

तुमचं पत्र मी आबांना वाचून दाखवलं होतं. अभिमनचं बठ्ठं खरं शे, म्हणाले. सगळं त्यांना पटलं, पण कोरड्या तोंडाने त्यांना जायचं नव्हतं. तुमचं ऐकावं की त्यांचं, मला कळेना. शेवटी रोज दिवेलागणीला त्यांना उठवून बसवायचं आणि शुद्धीत असतानाच पळीभर गंगाजळ द्यायचं असं ठरवलं. ते हात जोडून घ्यायचे, आणि वर दूध मागायचे.

आज सकाळी घेरी आली. मी त्यांना कुशीवर वळवलं, हात धरून वाट पाहत राहिले. बोटांखाली काही हलेना. भिकुबाई काकू गडू घेऊन आल्या आणि लेकीनेच बापाला तहानलेलं धाडलं असं लोक म्हणतील, म्हणून रडू लागल्या. मी गडू आबांच्या तोंडाला लावू दिला नाही. काकूंना म्हणाले, आबांचं पाणी घेऊन झालंय.

धुरपदा