तुंबलेली नळी आणि पाच मिनिटं

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शी! स्वतःचीच किळस आली आहे. परवा नळकामाच्या वर्गापुढे पाच मिनिटं बोलायचं होतं. मास्तरांचा नियमच आहे, ज्याला बिघाड चारचौघांत समजावता येत नाही त्याला पास करायचं नाही, मग पाना कितीही झकास चालवो. तू लिहून दिलेलं भाषण घोकून गेलो. उभा राहिलो तर तळहात बेडकाच्या पोटासारखे ओले, तोंडाला जुन्या वॉशरची चव. डोळे मिटून घडाघडा म्हणत सुटलो आणि तू कंसात लिहिलेलं "इथे थांब, पाणी पी, शर्ट खोच" हेही म्हटलं. वर्ग खदाखदा हसला. मला तिथेच कोरडी ओकारी.

तडक निघालो, तर न्हाव्याच्या दुकानात एक मांजर आरशाशी भांडत होतं. अर्धा तास तेच बघत राहिलो. असो. आणखी एक संधी आहे, मग नाव कापणार. सुतारकाम सुटलं, छापखाना सुटला, आता हेही.

तुझा ओशाळलेला,
भिंगऱ्या

दि. ९ जून

चि. भिंगऱ्यास,
अ. उ. आ.

कंस कुणी मोठ्याने वाचतं का रे? तुझे भावजी हसून खाटेवरून पडायचे राहिले. पण चूक माझी. जन्मात कधी नळी खोलली नाही आणि "आदरणीय जलवाहिन्या" लिहायला बसले! यापुढे ओळसुद्धा लिहून देणार नाही. मात्र पळालास, तर या खेपेला आईला तूच सांगायचं. मागच्या दोन्ही वेळा मी बोलणी खाल्ली आहेत.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई

दि. १७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जेवण झालं असेल तरच वाच. काल बेसिनखालची खरोखर तुंबलेली वाकडी नळी टेबलावर ठेवली होती. माझ्याआधी उभा राहिला तो, ज्याला आम्ही पोपट म्हणतो. बोलणं ओल्या साबणासारखं गुळगुळीत. हसत हसत सांगतो काय, तर तार घालून घाण पुढे ढकलायची, झालं काम! पुढे म्हणजे कुठे? खालच्यांच्या घरात! तिथे लोक ताटं धुतात, ताई.

माझं डोकंच फिरलं. ढकलू नकोस, बाहेर ओढ, असं ओरडत मी टेबलाशी पोचलोसुद्धा. नळी खोलली, बोट घातलं आणि केसांचा पुंजका ओढून काढला. काळा, बुळबुळीत, कुजक्या अंड्याच्या वासाचा, मेलेल्या उंदरासारखा लोंबणारा. पहिली रांग नाकं धरून मागे सरली. तो पुंजका सगळ्यांपुढे नाचवत कुठे खोलायचं, खाली बादली कशी धरायची, सगळं सांगितलं. थांबल्यावर कळलं, आपण बोललो.

मास्तर घड्याळ बघून म्हणाले, नऊ मिनिटं झाली, पण ही पाळी पोपटाची होती, तुझी अजून यायची आहे. हात धुऊन येतो म्हणून बाहेर गेलो. नळाशेजारीच फाटक, सताड उघडं, समोर सरळ रस्ता. बराच वेळ हात धूत राहिलो.

आणि परत आत गेलो. आवाज फाटला, दोनदा अडलो, पण पाच मिनिटं पुरी केली. मास्तरांनी पास केलं. बोटांचा वास काही जात नाही. तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भिंगऱ्या