दोन शिफ्टची बोट

४ ऑगस्ट, रविवार

आणली एकदाची! बंद पडलेल्या रिसॉर्टची सोळा फुटी फायबरची बोट. पवना धरणापासून पुनावळ्यापर्यंत टेंपोवर — मागं हॉर्नची वरात. शेजारच्या आबाजींनी बिल्डिंगमागची त्यांची गोठ्याची शेड दिली. म्हशी कधीच गेल्या त्यांच्या. बोटीभोवती चक्कर मारून म्हणाले, "उद्धवराव, पवनेत नुसती जलपर्णी हाय. चालवणार कुठं ही?" धरणावर, म्हणालो. "पोहता येतं का?" नाही, म्हणालो. लई हसले.

तळाला हातभर भेग, आत पिंपळाचं रोप, इंजिनात उंदरांचं घरटं. रंभा असती तर म्हणाली असती, हे काय उचलून आणलंत! पण ती घरात असती तर मी आणलीच नसती.

११ ऑगस्ट

भेग घासली. गाड्यांच्या कंपनीत, बॉडी शॉपमध्ये तेहतीस वर्षं पत्रा घासलाय, त्यापुढं हे काहीच नाही. भेग बुजवायच्या रेझिनमध्ये हार्डनर जास्त पडला, मगातच दगड झाला! परत कालवलं.

शेडमध्ये पाटी टांगली. जुनी सवय. रंभाही चाकणलाच, वायर हार्नेसच्या — गाड्यांच्या वायरी जोडायच्या — कंपनीत. लेक तनुजा — आता सासरी असते — तेव्हा लहान, घरात एकटी राहू नये म्हणून मी फर्स्ट शिफ्ट, ती सेकंड. गाठ पडायची ती बस स्टॉपवर, मिनिटभर. बाकी सगळं स्वयंपाकघरातल्या पाटीवर. वर 'झालं', खाली 'बाकी'. झालं : दूध, शाळेची फी. बाकी : गॅस, तनुजाचा खोकला. बावीस वर्षं असा संसार केला आम्ही.

२५ ऑगस्ट

गॅलरीतली तुळस हिरवीगार. मी तर पाणी घालायचं विसरतोय. पावसाची झड येत असेल आत.

८ सप्टेंबर

आज लिहूनच टाकतो.

मार्चमध्ये रंभानं नोकरी सोडली. मी संध्याकाळी घरी यायचो, ती भाजी निवडत बसलेली असायची. आणि मी काय करायचो? पाटीवर लिहायचो — बाकी : चहा. च्यायला! बायको समोर बसलेली! दोन महिने सोसलं तिनं. मग एकदा म्हणाली, "मी समोरच बसलेय की. तोंडानं सांगा ना." मी मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी परत पाटीवरच. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ताथवड्याला, भावाकडं. पाटीवर 'बाकी'च्या खाली काहीच नव्हतं.

ताथवडं काही लांब नाही. पण चार महिन्यांत माझा पाय उचलला नाही. फोन करतो, "जेवलीस का" विचारतो, ठेवून देतो.

एकदा तिच्या कंपनीच्या सहलीत धरणावर तिला बोटीत बसायचं होतं. मला ओव्हरटाइम, मी गेलोच नाही. एकटी काय बसू, म्हणून तीही काठावरच बसून राहिली. म्हणून ही बोट. दसऱ्याला पाण्यात उतरवायची आणि तिला बोलवायचं. तोंडानं.

२९ सप्टेंबर

इंजिन चालूच होईना. कार्बोरेटर धुतला, प्लग नवे टाकले. उंदरांनी वायरिंगचा भुगा केलाय! लाल कुठली, पिवळी कुठं जाते, काही कळत नाही. घरात एक माणूस होतं, डोळे झाकून वायरी जोडणारं.

पाटीवर लिहिलं — बाकी : वायरिंग. कुणासाठी लिहिलं? गाढव आहे मी. जेवलो नाही. फार एकटं वाटतंय.

७ ऑक्टोबर, सोमवार

शिफ्ट संपवून शेडवर गेलो. अर्धं वायरिंग झालेलं! प्रत्येक वायरीला चिठ्ठी. टेप तिरकी, अर्ध्यावर अर्धी चढवलेली, शेवटचं टोक आत दाबलेलं. घरातल्या इस्त्रीला, मिक्सरला हीच गुंडाळी आहे. पाटीवर तिचं अक्षर. झालं : इंजिनाकडचं. बाकी : स्विच, गुरुवारी.

आबाजींना गाठलं. "येती की दुपारची. किल्ली हाय की तिच्याकडं. आधी घरात तुळशीला पाणी, मग हितं. तुमी यायच्या आत जाती." मला सांगितलं का नाही? "तुमी इचारलं का?"

उत्तर लिहायला खडू उचलला. मग ओल्या फडक्यानं पाटीच पुसून टाकली.

९ ऑक्टोबर

सुपरवायझर म्हणाला, ऐन सणाच्या लोडमध्ये रजा? तुम्ही? म्हटलं, हो, मीच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीची बस गेली. मी बोटीत बसून राहिलो. दुपारी शेडचं फाटक वाजलं. रंभा! हातात पक्कड. जागीच थबकली.

"कामावर गेला नाहीत?"

तीन दिवस पाठ केलेलं सगळं विसरलो. "नाही. तुझी वाट बघत होतो."

तिनं पाटीकडं बघितलं. कोरी होती.

"मग सरका तिकडं," म्हणाली, आणि बोटीत चढली.