बगळा मास्तर आणि ऑगस्टचा शेवटचा आठवडा

१८ ऑगस्ट
टोकियोहून संपादक निशिवाकीबाईंचा फोन. माझी 'बगळा स्टेशनमास्तर' मालिका बंद करायची म्हणतात. चौऱ्याण्णव पुस्तकं झाली, आता वाचक मिळत नाहीत म्हणे. लिहिणं माझं काम, वाचक शोधणं त्यांचं. संकल्प: चिडायचं नाही. जवाचा गार चहा प्यायलो. तरी चिडलोच.

२४ ऑगस्ट
गावच्या लायब्ररीत गेलो तर माझा कप्पा रिकामा. सगळे बगळे उडालेले. ग्रंथपाल मियोशीबाई म्हणाल्या, सर, अजून पोरं मागताहेत, देऊ कुठून? छाती एवढी फुगली की सायकलचा तोल गेला. लगेच निशिवाकीबाईंना कळवलं. एक नवं पाठवा, मग बघू, म्हणाल्या.

२५ ऑगस्ट, पहाटे
वाचक भुकेला आहे. नेहमीच्या बत्तीस पानांनी त्याचं काय होणार? पंच्याण्णवावं पुस्तक तीनशे पानांचं. बायको म्हणाली, अहो, पोरांना उचलेल का ते? हिला साहित्यातलं काय कळतं.
नात कोतोने चौथीत आहे, माझी पहिली वाचक. बगळ्याचं कुठलं पुस्तक आवडतं विचारलं. सगळी सारखीच, म्हणाली. याला म्हणतात सातत्य.

२९ ऑगस्ट
निम्मं झालं. बगळा अजून हिरवं निशाण दाखवतोय. घाई कशाला.

३१ ऑगस्ट
पूर्ण. शेवटची नव्वद पानं गाडी लेट आहे. पाठवून दिलं.
संध्याकाळी शेजारच्या कागेयामांच्या खिडकीत पाहिलं. तिघे भाऊ माझं एकच पुस्तक मधे ठेवून रडत लिहीत होते, आई डोक्यावर उभी. त्यात करुण प्रसंग एकही नाही, तरी रडले. माझेही डोळे भरून आले.

१ सप्टेंबर
शाळा सुरू. लायब्ररीच्या परतीच्या पेटीत सगळे बगळे एकदम हजर. मियोशीबाईंना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, सुट्टीत एक पुस्तक वाचून निबंध लिहायचा असतो ना, सर. आठवडा उरला की पोरं सगळ्यात बारीक पुस्तक शोधत येतात. तुमच्याहून बारीक आमच्याकडे नाही.
जेवलो नाही. पोट बिघडलं असावं.

४ सप्टेंबर
निशिवाकीबाईंचा फोन. मालिका चालू ठेवताहेत, बारीक पुस्तकांना लायब्रऱ्यांकडून मागणी आहे म्हणे. तीनशे पानं परत येताहेत. यापुढे पुस्तक सोळा पानांचं, एवढीच अट. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हो म्हटलं. थोडक्यात सांगणं हे माझं पहिल्यापासूनचं धोरण.
कोतोनेला बातमी दिली. फार खूश झाली. सोळाच असतील ना आजोबा, तर मीपण एखादं वाचेन, म्हणाली.